कोंबड्याच्या वृषणातला जास्तीचा बँड : एका प्रोजेक्टचं प्रकरण

हे प्रकरण नीट लिहून काढायचं लई दिवस मनात होतं, कारण पुढच्या वर्षी परत कुणीतरी एमएस्सीचं पोरगं नाहीतर पोरगी हाच विषय घेणार आणि परत त्याच जागी अडकणार हे मला आत्ताच दिसतंय. मी कोल्हापुरात झूलॉजी शिकवते, प्रोजेक्ट गाईड करते. ज्या विद्यार्थिनीचं हे काम आहे तिला विचारूनच लिहितेय, फक्त तिचं आणि कॉलेजचं नाव घालत नाही.

विषय तिनं स्वतः निवडला. कोंबड्यात शुक्राणू तयार होताना क्रोमोसोमवरची प्रोटीन्स कशी बदलत जातात. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या काय किंवा कोंबडीच्या काय, कुठल्याही साध्या पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनचा (एच२ए, एच२बी, एच३, एच४, प्रत्येकी दोन) एक गठ्ठा, त्याच्याभोवती १४७ बेस जोड्यांचा धागा दीड-पावणेदोन वेढे घेतो, मग थोडा मोकळा धागा, मग परत गठ्ठा, आणि वेढे सुटू नयेत म्हणून बाहेरून एच१ हिस्टोन बसलेलं. शुक्राणू तयार होताना मात्र हा सगळा संसार मोडला जातो, हिस्टोन बाहेर जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामीन येतं. कोंबड्याच्या प्रोटामीनला गॅलिन म्हणतात. ६१ अमिनो आम्लांचं एवढंसं प्रोटीन, त्यातली निम्म्याहून जास्त नुसती आर्जिनिन, लायसिन एकही नाही, सिस्टीनही नाही. आता ह्या एवढ्याशा प्रोटीनचं काम किती मोठं ते बघा. कोंबड्याचा जीनोम साधारण १.२ अब्ज बेस जोड्यांचा, म्हणजे एका शुक्राणूतला डीएनए ताणून सरळ केला तर जवळपास ४० सेंटीमीटर लांब होतो, आणि तो बसतो कुठं तर जाडीला जेमतेम अर्धा मायक्रॉन असलेल्या, किंचित वाकलेल्या सुईसारख्या डोक्यात. हे सगळं कोंबड्यात साधारण दोन आठवड्यांत उरकतं, माणसात अडीच महिने लागतात. आणि तेही पोटाच्या आत, ४१ डिग्रीच्या अंगाच्या उष्णतेत, जिथं माणसाचं वृषण चाललंच नसतं.

उंदीर, माणूस ह्यांच्यात हिस्टोन गेले की मधे ट्रान्झिशन प्रोटीन्स येतात, ती काही काळ राहतात, मग ती जाऊन प्रोटामीन येतं. कोंबड्यात हा मधला मुक्काम नाही, हिस्टोननंतर थेट गॅलिन. पण त्याच्या आधी एक तयारी होते आणि तीच मला सगळ्यात सुंदर वाटते. एच४ हिस्टोनच्या शेपटीवर चार लायसिन आहेत, ५, ८, १२ आणि १६ नंबरची, त्यांच्यावर ॲसिटिल गट चढतात. एक गट चढला की एक प्लस चार्ज कमी, चार्ज कमी झाला की डीएनएवरची पकड सैल. बार्सिलोनाच्या ऑलिव्हा आणि मेझ्किटा ह्यांनी १९८२ साली कोंबड्याच्या स्पर्मॅटिडमध्ये, म्हणजे अजून घडत असलेल्या कच्च्या शुक्राणूत, हे दाखवलं, आणि वर हेही दाखवलं की हे गट चढणं-उतरणं फार वेगानं चालू असतं. आम्ही बीएस्सीला काय शिकवतो, ॲसिटिल लागलं म्हणजे जीन चालू. इथं तर पेशीनं सगळे जीन बंद करून टाकलेत आणि तरी ॲसिटिल चढतायत, कारण इथं काम जीन वाचायचं नाहीये, घर रिकामं करायचं आहे. हे वर्गात सांगताना मला दरवेळी नव्यानं भारी वाटतं.

तर तिच्या प्रोजेक्टचा प्लॅन साधा होता. वृषणातून न्यूक्लियस वेगळे करायचे, ॲसिडमध्ये प्रोटीन काढायची, ॲसिड-युरिया जेलवर चालवायची, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरातून विजेच्या जोरावर पळवायची. प्रत्येक नमुन्याची एक लेन, आणि लेनमध्ये प्रत्येक प्रोटीनचा आपापल्या जागी एक पट्टा, म्हणजे बँड. शेजारी शुक्रवाहिनीतल्या तयार शुक्राणूंची प्रोटीन चालवायची. एकीकडं हिस्टोन, दुसरीकडं गॅलिन, आणि जमलं तर मधे एच४ ची शिडी, म्हणजे कमी-जास्त ॲसिटिल चढलेल्या एच४ चे एकावर एक बँड.

मटेरियल लक्ष्मीपुरीतल्या एका चिकनवाल्या मामांकडून. दिवस आषाढाचे होते आणि कोल्हापुरात आषाढ म्हणजे टेंबलाईची यात्रा, गल्लीगल्लीतून पी-ढबाक वाजवत पंचगंगेचं नवं पाणी टेकडीवर न्यायचं आणि घरोघरी कोंबडं-बकरं, त्यामुळं गावरान कोंबडा रोज कापला जायचा. मामांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय ओ ताई, गोट्या कशाला पायजेत? खायाला काय?" तिनं सांगितलं की कॉलेजात तपासायच्या आहेत, तर म्हणाले, "मग ब्रॉयलरच्या न्या की, ढिगानं हाईत." आणि ती खरंच पहिल्या दिवशी ब्रॉयलरच्या घेऊन आली. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दुकानात येतो, त्याची वृषणं शेंगदाण्याएवढीही भरत नाहीत, आत स्पर्मॅटिड नाहीत, शुक्राणू नाहीत, नुसत्या सुरुवातीच्या पेशी. मी म्हटलं अगं हे कामाचं नाही, पण टाकू नको, लेबल लावून डीप फ्रीझरला ठेव. ती पिशवी पुढं कशी कामाला आली ते येईलच.

गावरान कोंबड्याचं मात्र बघण्यासारखं असतं. पाठीच्या कण्याला लागून, किडनीच्या वरच्या टोकाशी दोन पांढरी, वाटाण्याच्या फुगलेल्या शेंगेसारखी वृषणं, डावं बहुतेक वेळा थोडं मोठं. तिथून खाली किडनीवरून नागमोडी गेलेला पांढरा दोरा म्हणजे शुक्रवाहिनी. चिमट्यानं एका टोकाकडून दाबत आणलं की दुसऱ्या टोकातून घट्ट दुधासारखा थेंब येतो. तो थेंब सलाइनमध्ये टाकून मायक्रोस्कोपखाली धरला तर काय दिसतं हे तिला मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती पाच मिनिटं आयपीसवरून डोळा काढेना.

पहिलं जेल पूर्ण कोरं आलं. कारण साधं होतं, पण दर बॅचमध्ये कुणीतरी हे करतंच म्हणून सांगते. आपल्याला एसडीएस जेलची सवय, त्यात एसडीएस हे साबणासारखं रसायन प्रोटीनला मायनस चार्ज देतं, म्हणून लाल, म्हणजे प्लसची, वायर खाली. ॲसिड-युरिया जेलमध्ये, म्हणजे पन्यीम आणि चॉकली ह्यांची १९६९ ची पद्धत, एसडीएस नसतं, हिस्टोन स्वतःच्या प्लस चार्जवर पळतात, म्हणजे ते मायनसकडं जाणार, म्हणजे काळी वायर खाली पाहिजे. तिनं सवयीनं लावली आणि सगळं प्रोटीन वरच्या बफरमध्ये निघून गेलं. आता आम्ही टाकीच्या झाकणावर परमनंट मार्करनं लिहून ठेवलंय, आणि सॅम्पलमध्ये मिथाइल ग्रीन घालतो, हिरवा पट्टा खाली सरकताना दिसला की जीव भांड्यात पडतो.

दुसरं जेल चांगलं आलं. चांगलं म्हणजे वृषणाच्या लेनमध्ये वर एच१, खाली एच३, एच२बी, एच२ए, सगळ्यात खाली एच४. शुक्राणूंच्या लेनमध्ये ह्यातलं जवळजवळ काहीच नाही आणि पार पुढं, एच४ च्याही पुढं, एक जाड ढब्बू बँड, गॅलिन. इथपर्यंत पुस्तकात आहे तसं. पण वृषणाच्या लेनमध्ये एच१ च्या खाली आणि बाकीच्या चार हिस्टोनच्या वर एक जास्तीचा बँड होता. अंधुक-बिंधुक नाही, चांगला ठसठशीत. आमच्याकडं विकतचे गायीच्या थायमसचे हिस्टोन आहेत, त्या लेनमध्ये तो नव्हता. शुक्राणूंच्या लेनमध्येही नव्हता.

ती जेल घेऊन माझ्या केबिनमध्ये आली, काचेवरच घेऊन आली, खाली पाणी टिपकत होतं. म्हणाली, "मॅडम, हे वृषणात आहे आणि शुक्राणूत नाही, आणि थायमसमध्येपण नाही. म्हणजे मधल्या टप्प्याचंच ना?" आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. लॉजिक एकदम फिट बसत होतं. जे प्रोटीन आधी नाही, मधे आहे, शेवटी नाही, त्यालाच ट्रान्झिशन प्रोटीन म्हणायचं. कोंबड्यात असं काही नसतं असं सगळीकडं लिहिलेलं आणि आमच्या १५ टक्क्याच्या जेलवर ते समोर दिसतंय. दोन दिवस आम्ही दोघी त्याच धुंदीत होतो. तिनं आणखी दोन कोंबडे केले, दोन्हीत बँड. परक्लोरिक ॲसिडनं वेगळं काढून बघितलं, ५ टक्के परक्लोरिक ॲसिडमध्ये एच१ आणि एचएमजी प्रोटीन्स (डीएनएला चिकटणारी, पण हिस्टोन नसलेली) विरघळतात, मुख्य हिस्टोन मागं राहतात. हा बँड विरघळणाऱ्यांच्या बाजूला आला. मग तर वाटलं एचएमजीच्या घराण्यातलं काहीतरी असेल, कारण वृषणात एचएमजी१ आणि एचएमजी२ ह्यांचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं बदलतं ह्यावर १९८० च्या दशकात काम झालेलंच आहे.

मग तिसऱ्या दिवशी रात्री भांडी आवरताना माझ्या डोक्यात एक गोष्ट खटकली. उंदराचं पहिलं ट्रान्झिशन प्रोटीन पन्नास-पंचावन्न अमिनो आम्लांचं असतं, म्हणजे ते जेलवर खाली पळालं पाहिजे, गॅलिनच्या जवळपास. आमचा बँड तर वर, एच१ च्या बुडाला. एवढं मोठं प्रोटीन मधल्या टप्प्यात येऊन जातं आणि इतकी वर्षं कोंबड्याच्या वृषणावर काम करणाऱ्या कुणाला दिसलं नाही? असं होत नाही. दिसलं असणार, आणि त्यांना ते काय आहे हे माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हटलं, ती ब्रॉयलरची पिशवी काढ. ह्यात स्पर्मॅटिडच नाहीत, बरोबर? म्हणजे हा बँड स्पर्मॅटिडचा असेल तर इथं दिसता कामा नये. आणि एका गावरान कोंबड्याची कलेजीपण कर, तीच पद्धत, तेच ॲसिड. ती जरा नाराज झाली, कारण तिला एच४ च्या शिडीच्या मागं लागायचं होतं, आणि आषाढ संपत आलेला, श्रावण लागला की मामांकडं गावरान कापणं कमी होणार ही भीती. तरी केलं.

ब्रॉयलरच्या लेनमध्ये बँड होता. मोठ्या कोंबड्यापेक्षा जास्त ठळक. कलेजीच्या लेनमध्येही होता.

ती काही बोलली नाही, नुसती जेलकडं बघत उभी राहिली. मला वाईट वाटलं, पण त्या क्षणाला गाईडनं लगेच उत्तर सांगू नये असं मला वाटतं, म्हणून मी फक्त एवढंच विचारलं, की वृषण, ब्रॉयलरचं वृषण आणि कलेजी, ह्या तिन्हीत आहे आणि शुक्रवाहिनीच्या दुधात नाही असं काय आहे? तिनं दोन-तीन गोष्टी सांगितल्या, मग गप्प झाली, मग म्हणाली, "रक्त." आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण रक्त तर लाइसिस बफरमध्ये जातं की मॅडम, प्रोटोकॉलमध्ये तसंच लिहिलंय." लाइसिस बफर म्हणजे पेशी फोडायचं द्रावण.

गाठ इथंच होती. तो प्रोटोकॉल उंदरासाठी लिहिलेला. उंदराच्या, माणसाच्या लाल पेशीत न्यूक्लियस नसतो, त्यामुळं पेशी फुटली की हिमोग्लोबिन वाहून जातं आणि क्रोमॅटिनच्या, म्हणजे डीएनए आणि त्यावरच्या प्रोटीनच्या, हिशोबात काही शिल्लक राहत नाही. पक्ष्यांच्या लाल पेशीत न्यूक्लियस असतो, अंडाकृती, घट्ट, आणि ट्रायटन (लाइसिस बफरमधलं साबणासारखं रसायन) घातलं की पेशीचं वरचं कवच फुटतं पण न्यूक्लियस साबूत राहतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वृषणाच्या न्यूक्लियसबरोबर तळाला जाऊन बसतो. हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं की. बारावीच्या पोरालाही माहीत असतं, पक्ष्यांच्या आरबीसीत न्यूक्लियस असतो म्हणून. पण माहीत असणं आणि हातात ट्यूब असताना आठवणं ह्यात फरक पडतो. उरलेल्या न्यूक्लियसचा एक थेंब गिम्सानं रंगवून बघितला तर वृषणाच्या गोल, फिकट न्यूक्लियसच्या मधे मधे लहान, गडद, तिळासारखे न्यूक्लियस विखुरलेले. पहिल्या दिवशी ही एक स्लाइड केली असती तर पंधरा दिवस वाचले असते. आता मी हा नियमच केलाय, न्यूक्लियस काढले की ॲसिड घालण्याआधी स्लाइड, त्याशिवाय पुढं जायचं नाही.

आणि तो बँड म्हणजे एच५. पक्ष्यांच्या लाल पेशीतलं खास लिंकर हिस्टोन, म्हणजे एच१ सारखं गठ्ठ्याच्या बाहेरून बसणारं, १८९ अमिनो आम्लांचं, एच१ च्याच घराण्यातलं, म्हणून तर परक्लोरिक ॲसिडमध्ये एच१ बरोबर विरघळतं. लाल पेशी पिकत जाते तसं ते वाढत जातं आणि न्यूक्लियस घट्ट करून बंद करतं. म्हणजे विचार करा, एकाच कोंबड्याच्या अंगात न्यूक्लियस गच्च आवळायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, रक्तात हिस्टोन ठेवून वर एच५ चढवायचं, शुक्राणूत हिस्टोनच काढून टाकून गॅलिन भरायचं. आमच्या जेलवर ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या आणि आम्ही त्यातलं एक दुसऱ्याच्या नावावर लावत होतो.

इथं जरा बाजूला जाते, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिस्टोन हे नाव ज्यांनी दिलं ते अल्ब्रेख्त कोसेल, त्यांनी १८८४ साली पहिल्यांदा हे प्रोटीन काढलं ते कशातून? हंसाच्या, म्हणजे गूजच्या, लाल रक्तपेशींतून. न्यूक्लियस असलेली लाल पेशी भरपूर आणि सहज मिळते म्हणून. आणि प्रोटामीन हे नाव त्याआधी १८७४ मध्ये मीशर ह्यांनी दिलेलं, ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या शुक्राणूंवरून. म्हणजे ह्या विषयाची दोन मुळं, एक पक्ष्याच्या रक्तात आणि एक माशाच्या शुक्राणूत, आणि आमच्या पोरीच्या एका ट्यूबमध्ये दोन्हींची गाठ पडली. एच५ च्या मधल्या गोळ्याची क्रिस्टल रचना १९९३ मध्ये ज्यांच्या टीमनं काढली ते वेंकी रामकृष्णन, ज्यांना पुढं २००९ ला रायबोसोमसाठी नोबेल मिळालं. हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा फुलला. फसलो ते निदान भारी प्रोटीनच्या नादानं फसलो.

नुसता अंदाज पुरेसा नाही, सिद्ध करायला पाहिजे. तिनं तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही तिनं स्वतः ठरवल्या. एक, मामांकडून त्याच कोंबड्याचं रक्त सायट्रेट घातलेल्या बाटलीत आणलं, त्याचे न्यूक्लियस काढले आणि वेगळी लेन चालवली. जास्तीचा बँड तिथं भलताच ठळक, बरोबर त्याच उंचीवर. दोन, एका लेनमध्ये वृषण आणि रक्त दोन्ही मिसळून चालवलं. दोन वेगळी प्रोटीन जवळजवळ असती तर जाड किंवा दुहेरी बँड दिसला असता, दिसला एकच, नीट कडा असलेला. तीन, वृषणाची वरची पातळ पांढरी पिशवी सोलून काढली, आतला गर गार सलाइनमध्ये बारीक केला आणि त्यातल्या, शुक्राणू जिथं तयार होतात त्या, बारीक नळ्यांचे तुकडे आपोआप तळाला बसू दिले. नळ्या जड, दोन-तीन मिनिटांत बसतात, रक्तपेशी वरच्या पाण्यात तरंगत राहतात. वरचं पाणी ओतून टाकायचं, परत सलाइन, परत थांबायचं. पहिलं पाणी गुलाबी, दुसरं फिकं, पाचव्या वेळेला जवळजवळ स्वच्छ. ह्या पाच धुण्यानंतर बँड उरला तो दिवा मागं धरल्यावर दिसेल इतपत. पूर्ण गेला नाही, कारण नळ्यांच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं रक्त अडकून राहतंच. मला हे पूर्ण न जाणंच खरं वाटलं, एकदम साफ गेला असता तर मी परत शंका घेतली असती.

आता शिडीचं. जास्तीचा बँड काय ते कळलं, पण मूळ काम राहिलंच होतं. एच४ चा बँड वृषणाच्या लेनमध्ये होता पण एकच, फार तर वर एक पुसटशी रेघ. ॲसिड-युरिया जेलमध्ये प्रत्येक ॲसिटिल एक प्लस चार्ज कमी करतो, त्यामुळं तेवढं एच४ थोडं हळू पळतं आणि मूळ बँडच्या वर पायऱ्या दिसतात, शून्य, एक, दोन, तीन, चार. आम्हाला पायऱ्या दिसत नव्हत्या. ह्यावेळी मात्र ती घाईनं निष्कर्षावर गेली नाही, वहीत आधी वेळा लिहिल्या. मामा कोंबडा कापणार, सोलणार, गिऱ्हाईक असेल तर आधी त्याचं देणार, मग आतलं काढून पिशवीत घालणार, मग ती गाडीवर लक्ष्मीपुरीतून कॉलेजला, मधे सिग्नल, ट्रॅफिक. कापल्यापासून बर्फापर्यंत पाऊण तास, कधी तास. आणि आपण वरच बघितलं की हे ॲसिटिल गट फार वेगानं चढतात-उतरतात. कोंबडा मेला की चढणं बंद पडतं, उतरवणारी एन्झाइम्स मात्र त्या गरम मांसात आपलं काम करत राहतात. एक तासात काय उरणार.

म्हणून तिनं थर्मासमध्ये बर्फ आणि सलाइनमध्ये १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट घालून बाटली दुकानावरच नेली. ब्युटिरेट ॲसिटिल उतरवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. मामांना सांगितलं की गोट्या पहिल्यांदा काढून द्या, बाकीचं नंतर. मामा म्हणाले, "बरं की, तुझ्या परीक्षेचं हाय न्हवं, दोन मिंटं थांबतंय गिऱ्हाईक." श्रावण लागला होता, गिऱ्हाईकही कमी होतं. सगळ्या बफरमध्ये पण ब्युटिरेट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक पायरी चुकवायची नाही.

ते जेल डिस्टेन होताना, म्हणजे जास्तीचा रंग धुऊन निघताना, मी तिच्याबरोबर बसले होते. ट्रेमधलं निळं पाणी बदलत बदलत संध्याकाळ झाली, आधी सगळीच पार्श्वभूमी निळी, मग हळूहळू एच३, एच२बी उठून यायला लागले, मग एच४ च्या वर एक रेघ, मग तिच्या वर दुसरी. लाइट बॉक्सवर ठेवून मोजल्या तर मूळ बँड धरून पाच. सगळ्यात वरची, म्हणजे चारही लायसिनवर ॲसिटिल असलेली, केसाएवढी बारीक पण होती. ब्रॉयलरच्या लेनमध्ये त्याच जागी खालचे दोनच. म्हणजे पायऱ्या खरंच मोठ्या कोंबड्याच्या, जिथं स्पर्मॅटिड आहेत तिथल्या. आणि ह्यावेळी ब्रॉयलरही त्याच दिवशी, त्याच बाटलीत, तेवढ्याच मिनिटांत आणलेला होता, जुना फ्रीझरमधला वापरला नव्हता, हे मी न सांगता तिनं केलं होतं.

गॅलिनच्या बाजूला एकच अडचण आली. ते सगळ्यांच्या पुढं पळतं, त्यामुळं जेल जरा जास्त वेळ चाललं की खालून बाहेर जातं आणि लेन रिकामी दिसते, एकदा तसं झालंच. त्या लेनसाठी वेगळं जेल कमी वेळ चालवायचं, बास. एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. बैल-रेड्याच्या किंवा माणसाच्या शुक्राणूंत प्रोटामीनमधली सिस्टीन एकमेकांना सल्फरच्या बंधांनी बांधलेली असतात, ते बंध तोडणारं डीटीटी घातल्याशिवाय प्रोटीन नीट निघत नाही. गॅलिनमध्ये सिस्टीनच नाही, त्यामुळं साध्या ॲसिडनं निघतं. महागड्या केमिकलशिवाय प्रोटामीन बघायचं असेल तर कोंबडा हा आपल्यासारख्या कॉलेजांसाठी फार चांगला पर्याय आहे, हे मी अगदी मनापासून सांगते.

जोडीला तिनं ॲनिलीन ब्लूच्या स्लाइड केल्या. आम्लात कालवलेला हा रंग लायसिनला चिकटतो, म्हणजे हिस्टोन असलेले न्यूक्लियस निळे होणार आणि गॅलिन असलेले कोरे राहणार, कारण गॅलिनमध्ये लायसिनच नाही. शुक्रवाहिनीच्या थेंबात बहुतेक सगळी डोकी फिकी, काचेच्या काड्यांसारखी. वृषणाच्या स्मिअरमध्ये निळे गोल न्यूक्लियस, थोडे लांबुळके झालेले पण अजून निळे, आणि मधे मधे बारीक, लांब, फिके. एकाच फील्डमध्ये तिन्ही. आणि त्यांच्या शेजारी लाल पेशींचे ते तिळासारखे गडद निळे न्यूक्लियस, ह्यावेळी तिनं त्यांच्याकडं बोट करून आधीच सांगितलं की हे रक्ताचे, हे मोजायचे नाहीत.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला की एच१ च्या खाली हलकीशी रेघ दिसतेय ती काय. तिनं रक्ताची लेन, मिसळलेली लेन, पाच धुण्यांचं जेल, एकापाठोपाठ एक काढून समोर ठेवलं. सरांनी त्यावर दुसरा प्रश्न विचारला तो खरा अवघड होता, की तुमच्या पायऱ्या नेमक्या कुठल्या टप्प्याच्या स्पर्मॅटिडच्या, गोल की लांब झालेल्या? तिनं सरळ सांगितलं की अख्ख्या वृषणावरून हे सांगता येत नाही, पेशी वेगळ्या कराव्या लागतील. रिपोर्टमध्येही तसंच लिहिलंय, आणि जास्तीच्या बँडचा सगळा प्रवास वेगळ्या प्रकरणात दिलाय. मला कुणी सुचवलं होतं की ते गाळा, चुकलेलं कशाला दाखवायचं. मी ठाम नाही म्हटलं, कारण माझ्या मते त्या रिपोर्टमधलं सगळ्यात जास्त उपयोगी प्रकरण तेच आहे.

पुढची बॅच तिथूनच सुरू करणार आहे. गार खोलीत, अल्ब्युमिनच्या २ ते ४ टक्क्यांच्या ग्रेडियंटवर, म्हणजे वर पातळ आणि खाली दाट होत गेलेल्या द्रावणात, पेशी नुसत्या स्वतःच्या वजनानं खाली बसू द्यायच्या, मोठ्या लवकर, छोट्या उशिरा, आणि वरून थर थर वेगळे काढायचे. लाल पेशी त्यातही कुठल्या तरी थरात येणारच, म्हणून प्रत्येक थराची स्लाइड आधी. डीप फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात तिनं सहा ट्यूब ठेवून दिल्यात, प्रत्येकीवर तारीख, कोंबड्याचा नंबर, किती वेळा धुतलं, आणि कापल्यापासून बर्फात जाईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहिलंय. सगळ्यात कमी ४ मिनिटांची आहे, ती शेवटी वापरा.